हेडफोनची पारख

बाजारांत मडकें घ्यावयास गेलेली गृहिणी तें उचलून त्यावर टिचकी मारते, नाद ऐकते आणि मगच पैसे मोजते. परंतु जी वस्तु आपण रोज तासन् तास कानांवर ठेवणार, तिच्या बाबतींत हा चोखंदळपणा क्वचितच दिसतो. विद्यार्थी रंग पाहून हेडफोन निवडतात आणि पालक किंमत पाहून. म्हणून तारेनें जोडावयाचा, कानांवर टेकणारा साधा हेडफोन कसा पारखावा, हें थोडक्यांत सांगण्याचें येथें योजिलें आहे.

हेडफोनचे मुख्य प्रकार तीन. पहिला कानाच्या छिद्रांत बसतो, दुसरा सबंध कानास वेढतो आणि तिसरा बाह्य कानावर नुसता टेकतो. आपला विषय हा तिसरा. तिन्हींचें अंतरंग बहुधा एकच असतें. लोहचुंबकाजवळ तारेचें एक लहानसें वेटोळें असून तें पातळ पडद्यास चिकटविलेलें असतें. तारेंतून येणारा विद्युत्प्रवाह जसजसा बदलतो, तसतसें वेटोळें मागेंपुढें होतें. त्याबरोबर पडदा हालतो, हवा कंप पावते आणि आपणांस गाणें ऐकूं येतें.

या वस्तूचा इतिहासहि मनोरंजक आहे. अमेरिकेंतील यूटा प्रांताच्या नॅथॅनिएल बाल्डविन नांवाच्या गृहस्थानें १९१० च्या सुमारास आपल्या घरींच हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकन आरमारानें विकत घेतले. पुढें १९५८ सालीं मिलवॉकी शहरांतील जॉन कॉस यांनीं दोन्ही कानांस निरनिराळा ध्वनि पोंचविणारा स्टीरिओ हेडफोन पुढें आणला. त्यांच्याच कंपनीनें १९८४ सालीं काढलेला ‘पोर्टा प्रो’ हा हलका हेडफोन चाळीस वर्षें उलटून गेल्यावरहि विकला जात आहे. तो आपण नमुन्यादाखल घेऊं.

पहिली परीक्षा बसण्याची. दुकानांत दोन मिनिटें घालून भागत नाहीं. निदान अर्धा तास घालून पाहावा. कानांवर टेकणाऱ्या हेडफोनचा सर्व भार कानाच्या कूर्चेवर पडतो, आणि चष्मा वापरणाऱ्याच्या कानामागें त्याची दांडी रुतूं लागते. उलट दाब फारच कमी असेल तर गादी कानास नीट लागत नाहीं आणि खर्जाचे स्वर निसटून जातात. पोर्टा प्रोमध्यें हा दाब कमीजास्त करण्याची लहानशी सोय आहे, ही त्याची सोयीची बाजू. मात्र त्याच्या धातूच्या पट्टींत कधीं कधीं केस अडकतात, हेंहि सांगितलें पाहिजे.

दुसरी परीक्षा ध्वनीची. खोक्यावरील आंकड्यांनीं दिपून जाऊं नये. पोर्टा प्रोवर १५ ते २५,००० हर्ट्झ असें लिहिलेलें असतें. परंतु निरोगी तरुण माणसाचा कान सुमारें २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो, आणि वयाबरोबर वरची मर्यादा खालीं येत जाते. याहून आपल्या पाठ असलेलें एखादें गाणें लावणें उत्तम. तबल्यांतील डग्ग्याची घुमक स्पष्ट येते, कीं नुसता गोंगाट होतो? तंबोऱ्याची जवारी ऐकूं येते काय? मग कोणाचें तरी भाषण लावावें. ‘स’ आणि ‘श’ कानास टोंचत असतील, तर तो हेडफोन अभ्यासाचे पाठ ऐकण्यास त्रासदायक होईल. पोर्टा प्रोचा खर्ज किंचित् भरघोस आहे. तो गाण्यास गोड लागतो, पण मूळ ध्वनीस तंतोतंत धरून नाहीं.

तिसरी परीक्षा ध्वनि बाहेर सांडण्याची. पोर्टा प्रोची पाठ उघडी असल्यानें आवाज मोकळा वाटतो. पण शेजारी बसलेल्यास तो ऐकूं जातो आणि बाहेरचा गोंगाट आंत येतो. घरीं हें चालतें. वाचनालयांत चालत नाहीं.

चौथी परीक्षा तारेची. बहुतेक हेडफोन पिनेजवळ, जेथें तार वारंवार वाकते, तेथेंच निकामी होतात. म्हणून तो सांधा जाड व लवचीक आहे ना, हें पाहावें, आणि काढतांना तार न ओढतां पीन धरून काढावा. गाद्या निराळ्या मिळत असल्यास वस्तु अधिक वर्षें टिकते. आपल्या फोनास गोल पिनेचें छिद्र आहे कीं नाहीं, हेंहि आधींच पाहावें. हल्लींच्या अनेक फोनांस तें नसतें आणि वेगळा जोड घ्यावा लागतो. इतकें झालें म्हणजे तारेच्या हेडफोनास चार्ज करण्याची कटकट कधींच उरत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांनीं ध्वनिमुद्रित केलेलें काव्यपठण तपासण्यासाठीं मी असाच हेडफोन घेतला. उन्हाळ्याचे दिवस, डोक्यावर पंखा घरघरत होता. त्यावर मात करण्यासाठीं मी आवाज वाढवीत गेलों. रात्रीं निजलों तेव्हां कानांत बारीक शीळ वाजूं लागली, ती दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत थांबली नाहीं. दोष हेडफोनचा नव्हता, माझा होता. सुदैवानें ती शीळ गेली. सर्वांची जातेच असें नाहीं.

अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केशपेशींमुळें आपण ऐकतों, त्या मनुष्यांत एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसांनीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. दर ३ डेसिबलनें ध्वनीची शक्ति दुप्पट होते, म्हणून वेळ निम्म्यावर आणावा लागतो. म्हणजे मोठ्यांस ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला फक्त १० तास.

विद्यार्थिमित्रहो, हेडफोन घालून बसलां असतां हातभर अंतरावरून आईनें साध्या आवाजांत मारलेली हांक ऐकूं आली नाहीं, तर आवाज कमी करा. रस्त्यावर व रेल्वेच्या फाटकाजवळ तर हेडफोन काढूनच ठेवा. आणि पालकांनीं खरेदीच्या दिवशीं मुलाचा हेडफोन स्वतःच्या कानांस लावून पाहावा. हेडफोन मोडला तर बाजारांत दुसरा मिळतो; कान मात्र जन्माबरोबर मिळालेले दोनच.