मूर्ती तरंगते ती कशामुळे?

गणपतीच्या दिवसांत नागपूरच्या चितार ओळीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘पीओपी पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ती मूर्ती तरंगते.’ हे चूक आहे. पाणी कालवून घट्ट झालेलं पीओपी म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम पाण्याच्या 2.3 पट जड असतं. शाळेतला पांढरा खडू बहुधा त्याचाच. ग्लासभर पाण्यात टाकून पाहा, बारीक बुडबुडे सोडत तळाला जातो.

मूर्ती तरंगते ती पोटातल्या पोकळीमुळे. सरळ पाण्यात सोडली की आतली हवा अडकून राहते आणि हवेसकट सगळ्या मूर्तीची घनता पाण्याहून कमी भरते. जरा कलती करा: तळाखालून हवा भडाभडा निघते, पाणी आत शिरतं, मूर्ती खाली बसते. शाडूची पोकळ मूर्तीही आधी अशीच तरंगेल; फक्त ती लवकर भिजून विरते. पीओपीचा तळ बंद असला आणि वर तैलरंगाचा जाड थर असला, तर हवा बराच वेळ कोंडलेली राहते.

‘विरघळत नाही म्हणून तरंगते’ हेही तितकंच चूक. दगडही विरघळत नाही, पण बुडतो. विरघळणं आणि तरंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कृत्रिम टाक्यात मूर्ती नीट बुडत नाही, फुटाळा तलावात बुडायची, असंही लोक म्हणतात. पाण्याचा साठा किती मोठा, याच्याशी प्लावक बलाचा संबंध नाही. मूर्तीने किती पाणी बाजूला सारलं, एवढंच मोजायचं. मूर्ती बुडण्याइतकी खोली असली, की टाकं आणि तलाव सारखेच.

आता सगळ्यात पक्का गैरसमज: बुडालेली वस्तू तरंगणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त पाणी सारते. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी सारते, बुडालेली फक्त आपल्या आकारमानाइतकं. सहा किलोची पीओपीची मूर्ती तरंगताना सहा लिटर पाणी सारते. पूर्ण भिजून तळाला गेली, की जिप्समने व्यापलेली जागा उरते जेमतेम 2.6 लिटर. अशा शंभर मूर्ती असतील तर 340 लिटरचा फरक पडतो. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद टाक्यात पातळी पावणेदोन सेंटीमीटर उतरते. सकाळी ते पाहून टाकं गळतंय असा संशय आला, तर आधी तळाशी किती मूर्ती गेल्या ते बघावं.