दाराआडची आई

निराधारगृहाच्या दारात एक बाई उभी आहे. नवरा गेला, दुकान बुडालं, आणि आता पोरंही परक्यांच्या घरी पोसायला दिली आहेत. लहानग्याला नेणारी बाई त्याचा हात धरून निघते. तो हात सोडवून पळत येतो, आईला बिलगतो. पुन्हा निघाल्यावर त्यानं वळून पाहिलं तर पाय निघणार नाही, म्हणून आई दाराआड लपते.

'इंगेबोर्ग होल्म' हा 1913 चा स्वीडिश मूकपट. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला तेच वर्ष. या चित्रपटावरून स्वीडनमध्ये गरिबांच्या कायद्यावर मोठा वाद पेटला. दिग्दर्शक होता व्हिक्टर शोस्त्रोम. त्याचा जन्म 1879 चा, वार्मलँडमधला. बालपण मात्र अमेरिकेत, ब्रुकलिनला गेलं. तो सात वर्षांचा असताना आई वारली आणि पोरवयातच त्याला स्वीडनला परत धाडलं गेलं. हे कळल्यापासून मला तो दाराआडचा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहवत नाही.

नाटकांत नाव कमावून 1912 साली तो 'स्वेन्स्का बिओ' कंपनीत आला. 'तेर्ये वीगेन'मध्ये (1917) इब्सेनच्या कवितेतला खलाशी त्यानं स्वतःच रंगवला. समुद्र तिथं पडदा म्हणून मागे टांगलेला नाही. तो त्या माणसाच्या रागासारखा उसळतो आणि त्याच्याबरोबरच शांत होतो.

पण त्याचं खरं शिखर 1921 चा 'कोर्कार्लेन'. सेल्मा लागेरलोव्हच्या कादंबरीवरची ही गोष्ट. वर्षअखेरच्या मध्यरात्री जो शेवटी मरेल, त्यानं पुढं वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची. ती पारदर्शक घोडागाडी छायाचित्रकार यूलियस येन्सोननं कॅमेऱ्यातच साधली: तीच फिल्म मागे गुंडाळून पुन्हा पुन्हा चित्रित करायची, तीही हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर, लय चुकू न देता. या करामतीचं कौतुक सगळेच करतात. मला तिच्याहून मोठा वाटतो तो शोस्त्रोमनं उभा केलेला दारुडा डेव्हिड होल्म. कुऱ्हाडीनं दार फोडून बायकोपुढं येतो तेव्हाही तो राक्षस वाटत नाही, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. ती बायको झाली आहे हिल्डा बोर्गस्त्रोम, म्हणजे 'इंगेबोर्ग होल्म'मधली तीच आई.

पुढं हॉलिवूड. तिथं त्याचं नाव 'सीस्ट्रॉम' झालं. लॉन चेनीला घेऊन केलेला 'ही हू गेट्स स्लॅप्ड' (1924) आणि 'द विंड' (1928) हे त्या काळातले दोन मोलाचे चित्रपट. 'द विंड'साठी मोहावीच्या वाळवंटात विमानाचे पंखे लावून वादळ उठवलं. लिलियन गिशनं पुरलेलं प्रेत वारा वाळूतून उघडं पाडतो, आणि मुक्या पडद्यावर तो वारा कानांत घोंघावू लागतो. बोलपट आल्यावर तो मायदेशी परतला आणि दिग्दर्शन जवळपास थांबलं. 1941 साली फिल्म-कोठाराच्या आगीत त्याचे बरेच जुने चित्रपट जळाले. फाळक्यांचं बरंचसं काम गमावलेल्या आपल्याला हे दुःख वेगळं सांगायला नको.

1957 साली इंगमार बर्गमननं 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये त्याला वृद्ध प्राध्यापकाची भूमिका दिली. आरंभीच्या स्वप्नात सारथ्याविना एक शववाहिका येते, शवपेटी पडते आणि आतला हात त्यालाच धरतो. 36 वर्षांनी ती गाडी पुन्हा त्याच्या दाराशी आली होती. शेवटी म्हातारा पाण्याच्या काठाशी उभा राहतो. पलीकडे वडील गळ टाकून बसले आहेत, शेजारी आई आहे. दोघं त्याच्याकडे बघून हात हलवतात, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो.