खांदेरी : उथळ पाण्याचं बळ
थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी नावाचं इवलंसं बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या माणसांनी तिथे तट बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांचं धाबं दणाणलं. बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज आता मराठ्यांच्या नजरेखालून जाणार होतं!

इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. तोफा त्यांच्याकडे सरस होत्या, पण मोठी जहाजं खोल पाण्यावर आणि वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या उथळ बुडाच्या, वल्ह्यांवरही पळणाऱ्या. अंधारात रसद घेऊन त्या बेटाकडे सटकत. पाठलाग झालाच तर खाडीत शिरत. तिथे मोठ्या जहाजाचं काम नव्हे.

१८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या नेतृत्वाखालच्या मराठा आरमाराने उघड हल्ला चढवून ‘डव्ह’ ही इंग्रजी गुराब (लढाऊ जहाज) पकडली. ‘रिव्हेंज’ या इंग्रजी जहाजाने मात्र तोफांच्या माऱ्याने मराठ्यांना मागे रेटलं, हेही सांगायला हवं. समोरासमोरच्या झुंजीत पारडं इंग्रजांकडेच झुकत होतं. पण बेटावर धान्य आणि दारूगोळा पोचत राहिला, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागला. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. या बेटाचं नाव आजही समुद्रावर आहे: माझगाव गोदीत बांधलेली ‘खांदेरी’ पाणबुडी २०१९ मध्ये नौदलात दाखल झाली.