रक्त दिसलं, पण कारण दिसलं का?

समजा, मे महिना आहे. जालन्यातला तुमचा मित्र सकाळीच फोन करतो: "अरे, माझ्या ॲक्सोलॉटलला रक्त येतंय. मी काहीच केलेलं नाही. उलट कालच टाकीतलं सगळं पाणी बदललं!" तुम्ही प्राणिशास्त्र शिकताय, म्हणून फोन तुम्हाला. काय सांगाल?

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. ॲक्सोलॉटल हा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को परिसरातला उभयचर. जन्मभर पाण्यात राहतो आणि बाहेर दिसणारे कल्ले सोडत नाही. ते कल्ले रक्तामुळे लाल दिसतात, म्हणून फिकट रंगाच्या जातीत नुसता लालपणा म्हणजे रक्तस्राव नव्हे. त्याला साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. जालन्यात मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो!

आता मित्राच्या बोलण्यातला धागा पकडा: "काहीच केलं नाही" आणि "पाणी बदललं". दुसरं वाक्य पहिल्याला खोटं पाडतं. पाणी कुठलं? टँकरचं असेल तर त्यात टीसीएल पावडर पडली असू शकते, आणि क्लोरीन कल्ल्यांना व त्वचेला इजा करतं. पण लगेच "क्लोरीनच!" म्हणू नका. आणखी शक्यता आहेत. सोबतच्या ॲक्सोलॉटलने चावा घेतला असेल, तर जखम सहसा एकाच जागी, कल्ल्याला किंवा पायाला दिसते. टोकदार दगड लागला असेल. किंवा पोटावर आणि पायांवर लाल चट्टे, सुस्ती आणि खाणं बंद, असं सगळं एकत्र असेल तर रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते.

इथे एक पेच आहे. प्राणी वाचवायचा तर ताबडतोब स्वच्छ पाण्यात हलवायला हवा. पण टाकी रिकामी केली की पुरावाही गटारात गेला. म्हणून क्रम असा ठेवा. थर्मामीटरचा आकडा लिहा, फोटो काढा, टाकीतलं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून झाकण लावा. दोन मिनिटांचं काम. मग प्राण्याला क्लोरीन काढलेल्या, थंड पाण्याच्या वेगळ्या टबात ठेवा. टबातलं पाणी गार ठेवायला बर्फ थेट टाकू नका. गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा. माशांची औषधं अंदाजाने घालू नका, कारण उभयचरांच्या त्वचेतून बरंच काही आत शिरतं. त्यानंतर बाटलीतलं पाणी लगेच तपासा: क्लोरीन, अमोनिया, नायट्राइट, सामू. क्लोरीन उडून जातं, म्हणून ते आधी. तापमान आणि सामू वाढला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग वाढतो, म्हणून हे आकडे एकत्र वाचायचे. रक्त थांबत नसेल किंवा चट्टे पसरत असतील तर वाट न बघता पशुवैद्याकडे. परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय जालन्यापासून फार लांब नाही. आधी फोन करून विचारा.

समजा, जखमेतून एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू मिळाला. झालं, कारण सापडलं? थांबा. हा जिवाणू गोड्या पाण्यात नेहमीच असतो. प्राणी आधी उष्णतेने किंवा अमोनियाने खचला आणि मग जिवाणू घुसला, असंही होऊ शकतं.

ही चूक मोठमोठ्यांना चकवून गेली आहे. १९८८ मध्ये भारतात माशांच्या अंगावर लाल व्रण पाडणारी साथ आली, एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम. मरळीसारख्या माशांना तिचा मोठा फटका बसला. व्रणांत एरोमोनास सापडत होता, काही माशांत विषाणूही. बरीच वर्षं वाद चालला. शेवटी ॲफॅनोमायसिस इन्व्हेडन्स हा बुरशीसारखा जीव मूळ मानला गेला. जिवाणू बहुतेक वेळा मागून आलेले होते. म्हणजे जखमेत जो सापडला, त्यानेच जखम केली असं नाही.

आता एक सराव. मित्राच्या प्रकरणाची तीन संभाव्य कारणं लिहा. प्रत्येकापुढे, कोणतं निरीक्षण मिळालं तर ते कारण तुम्ही सोडून द्याल, तेही लिहा. हा दुसरा रकाना कोरा राहिला, तर ते गृहीतक अजून तपासण्याजोगं झालेलं नाही. आणि हो, मित्राला आधी फोन करून सांगा: ती बाटली भरून ठेव.