फोटोखालचा कागद

स्क्रॅपबुकच्या पानावर नजर आधी फोटोकडे जाते, मग नावाच्या पट्टीकडे, मग कागदी फुलांकडे आणि टॅगकडे. या सगळ्यांच्या खाली असलेल्या, चारी बाजूंनी जेमतेम एक सूत बाहेर दिसणाऱ्या कागदाकडे कुणी मुद्दाम पाहत नाही. त्याला मॅट म्हणतात. बहुतेक जण तो रंगाला रंग जुळवण्यापुरता लावतात आणि वेळ कमी असला की पहिल्यांदा त्यालाच फाटा देतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. फुलं, मणी, रिबिनी काढून टाकल्या तरी पान उभं राहतं. मॅट काढला की पान ढासळतं. चित्राची हद्द आखणं, दोन कागदांना एकमेकांपासून अलग ठेवणं आणि नाजूक तुकड्याला ताठपणा देणं, ही तिन्ही कामं हा कागद एकटा करतो. म्हणून त्याला सजावटीत मोजणं मला पटत नाही.

आपल्याकडच्या घरांत याचा पुरावा पडून आहे. काळ्या जाड पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे आणि दोन पानांमध्ये जाळीच्या नक्षीचा झिरझिरीत कागद असलेले जुने अल्बम काढून बघावेत. त्यातल्या कृष्णधवल फोटोंना पांढरी किनार असते, कधी सरळ कापलेली, कधी दातेरी. त्या किनारीमुळे गडद साडीतली बाई काळ्या पानात विरघळून जात नाही. स्टुडिओने फोटोबरोबर मॅट छापूनच दिलेला असे, एवढाच याचा अर्थ. पुढे रंगीत फोटो आले, छपाई कडेपर्यंत जाऊ लागली आणि किनार गेली. त्याच सुमारास चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम घरोघरी आले. फोटोला फोटो खेटून बसू लागले आणि एका लग्नातली गर्दी शेजारच्या बारशात शिरल्यासारखी दिसू लागली. आज स्क्रॅपबुक करणारी व्यक्ती फोटोखाली कागद लावते, तेव्हा ती ही गेलेली किनार परत आणत असते.

हे काम फार जुनं आहे आणि त्याचा सर्वांत श्रीमंत नमुना हिंदुस्थानातच तयार झाला. मुघल दरबारातले चित्रसंग्रह, म्हणजे मुरक्के, मुळात थरांवर थर चढवून केलेली पानं आहेत. चित्र वेगळ्या कागदावर, त्याच्याभोवती अरुंद रंगीत पट्ट्या, मग सोनेरी रेघांची चौकट आणि सर्वांत बाहेर फुलापानांनी भरलेला रुंद हाशिया. हे सारे कागद खळीने चिकटवून एक जाड, घोटलेलं पान करत. तिथे सोनेरी रेघ नुसती शोभेची नसे. दोन कागदांचा सांधा तिच्याखाली झाकला जाई. शिवाय हाशियाने एक मोठा प्रश्न सोडवला होता. वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या हातांची, लहानमोठी चित्रं आणि सुलेखनाचे नमुने एकाच संग्रहात बसवायचे तर पानांचा आकार सारखा हवा. चित्र कापण्याऐवजी किनार कमीजास्त केली की काम भागतं. दारा शुकोहने नादिरा बानू बेगमला दिलेला आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेला संग्रह, किंवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली शाहजहानच्या संग्रहाची पानं, यांत हे डोळ्यांनी दिसतं. फोनवर काढलेला चौकोनी फोटो, आजोबांचा पासपोर्टच्या आकाराचा फोटो आणि लग्नपत्रिकेचा तुकडा एकाच पानावर नांदवायचा असतो, तेव्हा आजच्या अल्बमकारापुढे तोच प्रश्न असतो आणि उत्तरही तेच.

थरांनी काय साधतं हे पाहायचं तर आणखी एक नाव घ्यायला हवं. इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी यांनी 1772 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे एकावर एक चिकटवून वनस्पतींची चित्रं करायला सुरुवात केली. दृष्टी अधू होईपर्यंत जवळजवळ हजार चित्रं झाली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मागे दाट काळा कागद आणि त्यावर पाकळीची एकेक छटा वेगळ्या तुकड्याने उभी केलेली. उजेड आणि सावली थरांतून येते हे त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं आहे.

आता प्रत्यक्ष काम. चार बाय सहा इंचांचा फोटो घेतला तर पहिला मॅट सव्वाचार बाय सव्वासहा, म्हणजे चारी बाजूंनी एक सूत. दुसरा मॅट लावायचा असेल तर तो पावणेपाच बाय पावणेसात, म्हणजे पहिल्याच्या बाहेर दोन सूत. दोन्ही किनारी सारख्याच रुंदीच्या ठेवल्या तर नजरेला नुसते पट्टे दिसतात. आतली अरुंद आणि बाहेरची थोडी रुंद ठेवली की नजर आत ओढली जाते. एका सुताच्या कामात अर्ध्या सुताची चूकही लपत नाही, म्हणून मॅट आधी कापून त्यावर फोटो बसवण्यापेक्षा मोठ्या कागदावर फोटो चिकटवून मग पट्टी धरून चारी बाजू कापणं सोपं जातं.

हाताने केलेल्या छोट्या सजावटीला हा नियम फोटोपेक्षाही जास्त लागू पडतो. ‘बारसं’ असा शिक्का मारलेला दोन इंची गोल कागद नुसता पानावर चिकटवला तर तो स्टिकरसारखा दिसतो. त्याच्याखाली सव्वादोन इंची गडद गोल आणि त्याखाली अडीच इंची, लाटांसारख्या गोलसर कडांचा तिसरा तुकडा आला की त्याला वजन येतं. वरच्या दोन थरांमध्ये फोमच्या दुहेरी चिकटपट्टीचे चार ठिपके दिले की वरचा गोल पानापासून जरा उचलला जातो आणि कडेला खरी सावली पडते. गडद कागद निवडताना त्याची कड बघावी. काही कार्डस्टॉक वरून रंगवलेला आणि आतून पांढरा असतो. कापला की कडेला पांढरी रेघ दिसते आणि थर विस्कटल्यासारखे वाटतात. आतपर्यंत रंगलेला कागद घेतला की ही अडचण येत नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की तुकडे वळतात. कारण कागदाच्या घडणीत आहे. गिरणीत यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडतात; ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. एका थराचे तंतू उभे आणि त्यावरच्या थराचे आडवे असले की दोघांची ओढाताण होऊन तुकडा वाकतो. त्यात पाण्यातला पांढरा गोंद भरपूर लावला की ओलीची भर पडते. सगळ्या थरांचे तंतू एकाच दिशेला ठेवावेत, गोंदाऐवजी कोरडी दुहेरी टेप वापरावी, आणि गोंदच वापरायचा तर कमी लावून रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवावा.

इथे महाराष्ट्राच्या जुन्या कसबाचा उपयोग आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा शतकानुशतकं आहे आणि पुण्यातही हातकागद बनतो. साच्यावर हाताने उचललेल्या कागदात तंतूंना ठाम अशी एक दिशा नसते, त्यामुळे तो ओलीने एकाच बाजूला ओढला जात नाही. सुती चिंध्यांपासून केलेला असेल तर त्यात लाकडातलं लिग्निन नसतं. मॅटसाठी याहून चांगला कागद शोधायला परदेशी जायची गरज नाही. फक्त गडद रंगवलेला हातकागद थेट फोटोला टेकवू नये. ओला कापूस त्यावर टेकवून रंग सुटतो का ते आधी पाहावं.

लिग्निनचा मुद्दा थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण अलग ठेवण्याचं काम तिथेच कळतं. वर्तमानपत्राचं कात्रण काही वर्षांत पिवळं, मग तपकिरी, मग ठिसूळ होतं. स्वस्त कागदातलं लिग्निन आणि तुरटीच्या खळीतलं आम्ल हे त्याचं कारण. अमेरिकेतल्या विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली पाचशे पुस्तकं तपासून 1959 मध्ये दाखवून दिलं, की त्यांपैकी बहुतेकांचा कागद फार काळ तग धरणार नाही. हे आम्ल कात्रणापुरतं थांबत नाही, टेकलेल्या कागदात आणि फोटोत उतरतं. युटामधल्या मेरीलेन क्रिस्टेन्सेन यांनी 1980 मध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या, नोंदींविषयीच्या जागतिक परिषदेत आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले. तिथून स्क्रॅपबुकची जी चळवळ वाढली, तिचा पाया फोटो टिकवणं हाच होता. फुलं आणि रिबिनी नंतर आल्या. म्हणून फोटोला टेकणारा पहिला मॅट पांढरा किंवा सायीच्या रंगाचा, आम्लरहित आणि लिग्निनरहित असावा आणि रंगाची हौस दुसऱ्या थरावर भागवावी. जुन्या फोटोंच्या पांढऱ्या किनारीशी हे आपोआप जुळतं.

यावर पहिला आक्षेप कागदाच्या नासाडीचा, आणि तो रास्त आहे. फोटोखाली झाकलेला कागद दिसतच नाही. पण जो दिसत नाही तो तिथे ठेवायलाच हवा असंही नाही. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या मॅटच्या मधून साडेतीन बाय साडेपाचचा तुकडा कापून काढता येतो. चिकटवायला तीन सूत जागा उरते, पानाची जाडी कमी होते आणि निघालेल्या तुकड्यातून पुढचे दोनतीन टॅग होतात. फोटोला टेकणारा पहिला मॅट मात्र अखंड ठेवावा.

दुसरा आक्षेप यंत्राचा. पोलादी डाय ठेवून चरक फिरवला की एकात एक बसणारे गोल निघतात, मग हाताचं काय राहिलं? एलिसन या अमेरिकी कंपनीने 1977 मध्ये शाळांतल्या शिक्षकांसाठी अक्षरं कापायची यंत्रं करायला सुरुवात केली आणि 2001 पासून सिझिक्स नावाने ती घरी आली. यंत्र आकार कापतं. कोणता थर वर, किनार किती, रंग कोणता, हे ठरवायला माणूसच लागतो. तयार स्टिकरवर माझा राग नाही, पण त्याची किनार कारखान्यात ठरलेली असते आणि तुमच्या फोटोला ती क्वचितच बसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: थरांचा अतिरेक. पाच-सहा मॅट, प्रत्येक वेगळ्या नक्षीचा, त्यात इवलासा फोटो, अशी पानं पुष्कळ दिसतात. तिथे मॅट आपलं काम सोडून देतो. फोटोला दोन आणि सजावटीच्या तुकड्याला तीन थर पुरतात. त्याहून जास्त लावायचं असेल तर त्याला कारण असावं.

ज्यांच्या घरी चिकट पानांचे अल्बम आहेत, त्यांनी मात्र नवीन काही करण्याआधी ते उघडावेत. फोटो ओढून काढू नका. प्रथम आहे त्या जागी त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, मग दात साफ करायचा, मेण नसलेला धागा फोटो आणि पान यांच्यामधून हळूहळू सरकवा. जो निघत नाही तो तसाच राहू द्या. जो निघेल त्याच्यामागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा, आणि त्याला पांढरा मॅट द्या.