टी-पेशींचा पहारा आणि मुंबईची कार-टी

शरीरात बिघडलेल्या पेशी अधूनमधून तयार होतच असतात. टी-पेशी इतर पेशींच्या पृष्ठभागावरचे प्रथिनांचे तुकडे तपासतात आणि खटकलेली पेशी मारतात. गाठ वाढते ती हा पहारा चुकवून. काही कर्कपेशी ते तुकडे दाखवणेच बंद करतात, तर काही पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून टी-पेशींना थोपवतात.

मग टी-पेशींनाच नवी ओळख शिकवली तर? आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी घडवलेली ‘नेक्सकार१९’ ही असे करणारी पहिली भारतीय ‘कार-टी’ उपचारपद्धती. तिला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घालतात, त्या वाढवतात आणि शिरेतून परत सोडतात. आता त्या सीडी१९ हे प्रथिन असलेली पेशी शोधून मारतात. निरोगी बी-पेशींवरही सीडी१९ असते. त्याही मरतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सुरुवातीला जोराचा ताप येऊ शकतो, रक्तदाबही घसरू शकतो.

गोव्यात पेडणे-डिचोलीतल्या घरांनी एक नीट लक्षात घ्यावे: हा उपचार बी-पेशींच्या काही रक्तकर्करोगांसाठी आहे, आणि तोही आधीचे उपचार निष्फळ ठरल्यावर किंवा रोग उलटल्यावर. स्तनातल्या किंवा तोंडातल्या गाठीसाठी तो नाही. अशी गाठ हाताला लागली, तर बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) लगेच गाठावे.