निबंध पोचला, पूर्वपक्ष कुठे?

पिंपरीत संत तुकाराम नगरला मेट्रोतून उतरणाऱ्यांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. एक वायसीएम रुग्णालयाकडे जाणारा, हातात डबा आणि केसपेपर असलेला. दुसरा डी. वाय. पाटीलकडे जाणारा, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला. उरलेले आमच्यासारखे इथलेच रहिवासी; त्यांतले निम्मे कुठल्या ना कुठल्या कंपनीतून निवृत्त झालेले. अशा वस्तीत बसून प्राचीन तत्त्वज्ञानाच्या परिषदांना निबंध कसे पाठवतात, याचा आढावा घेणे काहींना विनोदी वाटेल. पण परिषदेत कोणी, कोणापुढे आणि कसे बोलावे, याचे आपल्याकडचे एक फार जुने आणि नेमके विवेचन वैद्यांसाठीच लिहिलेले आहे. ते चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात सापडते. तेव्हा सुरुवात दवाखान्याच्या दारातून झाली तर बिघडत नाही.

चरक म्हणतो, वैद्याने वैद्याशी चर्चा करावी. त्याने ज्ञान वाढते आणि शंका फिटतात. ही चर्चा दोन तऱ्हांची. समोरचा जाणकार, न रागावणारा, ऐकून घेणारा असेल तर मोकळेपणाने विचारावे, हरलो तरी खंत करू नये. ती संधाय संभाषा. जिंकण्यासाठी भांडायचे ती विगृह्य संभाषा, आणि तिच्यात उतरण्यापूर्वी आपले बळ, समोरच्याचे बळ आणि बसलेली परिषद, तिन्ही तपासून घ्यावीत. परिषद एक तर जाणत्यांची असते, नाही तर मूढांची. आणि दोन्ही प्रकारांत पुन्हा स्नेही, तटस्थ व आधीच विरोधात बसलेली असे भेद. वादात लागणाऱ्या चव्वेचाळीस संज्ञाही तो समजावून सांगतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत हेच काम आणखी काटेकोरपणे झाले आहे. सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे फक्त पाडायचे ती वितंडा. शेवटच्या अध्यायात बावीस निग्रहस्थाने येतात, म्हणजे माणूस चर्चेत हरला असे कधी समजावे त्याची यादी. प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, नीट उच्चारून न दाखवणे हेही त्यांतलेच एक, अननुभाषण. आजच्या किती परिषदा या एका कसोटीला उतरतील?

माझे म्हणणे एवढेच आहे की परिषदेला निबंध पाठवायचा तो आक्षेप मागण्यासाठी. प्रमाणपत्र, छायाचित्र, स्मरणिका हे सगळे त्या मागणीचे आनुषंगिक खर्च.

आधुनिक अर्थाने परिषदेला निबंध पाठवण्याची आपली परंपरा दीडशे वर्षांची आहे आणि तिची सुरुवात मजेदार आहे. 1874 साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषदेचे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना निमंत्रण होते. घरच्या अडचणींमुळे त्यांना जाता आले नाही. त्यांनी नाशिकच्या शिलालेखांवरचा निबंध मात्र धाडला. ते स्वतः परिषदेला गेले 1886 मध्ये, व्हिएन्नाला. पुढे 1892 च्या लंडन परिषदेसाठी टिळकांनी वेदांच्या काळाविषयी निबंध लिहिला. मृगशीर्ष, वसंतसंपात आणि ऋग्वेदातली वचने यांची सांगड घालताना तो इतका लांबला की परिषदेच्या वृत्तांतात सारांशच छापला गेला. टिळकांनी निबंध कापला नाही, 1893 मध्ये पुस्तकच काढले. तेच 'ओरायन'. शब्दमर्यादेवरून चडफडणाऱ्या प्रत्येक संशोधकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी; तिचे अनुकरण मात्र करू नये, कारण आपण टिळक नसतो.

भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 6 जुलै 1917 ला, पुण्यात त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. तिथेच नोव्हेंबर 1919 मध्ये अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, अध्यक्ष खुद्द भांडारकर. समुद्र ओलांडून पाठवायचे निबंध आता लॉ कॉलेज रस्त्यावर पाठवता येऊ लागले. वेद, पाली व बौद्ध विद्या, प्राकृत व जैन विद्या, धर्म व तत्त्वज्ञान अशा विभागांत ही परिषद आजही भरते. 1925 मध्ये कोलकात्याला भारतीय तत्त्वज्ञान परिषद सुरू झाली, पहिले अध्यक्ष रवींद्रनाथ ठाकूर. ग्रीकांकडेही पुण्याचे लक्ष होते. फर्ग्युसनमध्ये शिकवणाऱ्या रा. द. रानड्यांनी हेराक्लिटसवर लिहिले, एलियाच्या तत्त्वज्ञांवर ॲरिस्टॉटलने घेतलेल्या आक्षेपांवर लिहिले आणि मग उपनिषदांकडे वळून 1926 मध्ये त्यांवर मोठा ग्रंथ काढला. तुलना करण्याआधी दोन्ही बाजू मुळातून वाचायच्या असतात, एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.

औद्योगिक पट्ट्यातल्या वाचकाने अमळनेरकडे जास्त लक्ष द्यावे. 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले ते गिरणीमालक प्रतापशेठ यांनी. कापडाच्या पैशावर अद्वैताचा अभ्यास चालला, इंग्रजी त्रैमासिक निघाले. साने गुरुजी काही काळ तिथे विद्यार्थी होते, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथे संचालक होता. 1933 मध्ये तिथल्या तिघांनी, मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी, 'अज्ञान' या एकाच विषयावर एक पुस्तक काढले. तिघांची मते जुळत नव्हती आणि ती जुळवून घेण्याचा प्रयत्नही कोणी केला नाही. भोसरी ते चाकण इतके कारखाने असलेल्या आपल्या पट्ट्याला असा एखादा प्रतापशेठ अजून का मिळू नये, हा प्रश्न मी सभासंमेलनांत विचारून पाहिला आहे. उत्तरादाखल शाल-श्रीफळ मिळते.

पण परिषद कशी असावी याचा माझ्या मते सर्वांत चांगला नमुना 1983 मध्ये पुण्यात घडला. तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि आपले मे. पुं. रेगे, जे पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, यांच्या पुढाकाराने नैयायिक पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक समोरासमोर बसवले गेले. विषय होता बर्ट्रांड रसेलची विधानाची कल्पना. वाक्य निराळे, ते ऐकून होणारे ज्ञान निराळे आणि या दोहोंखेरीज 'विधान' म्हणून काही तिसरे असते का? चर्चेची भाषा संस्कृत, म्हणून रसेलचे म्हणणे आधी संस्कृतात उतरवावे लागले. गंमत बघा: पूर्वपक्ष केंब्रिजचा आणि उत्तर देणारे पाठशाळेतले. रसेलची प्रशंसा करायला कोणी बसले नव्हते. त्याचे म्हणणे न्यायमतात बसते का, नसेल तर कुठे अडते, हे तपासायला बसले होते. वर्षानुवर्षे शेजारी राहून एकमेकांशी न बोललेल्या दोन विद्वत्ता त्या निमित्ताने बोलल्या. त्याचा वृत्तांत 1991 मध्ये 'संवाद' या नावाने पुस्तकरूपाने आला. अशा परिषदेत चार निबंध वाचले गेले तरी पुष्कळ.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो रम्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायला घेतले, त्यात परिषदांतले निबंधही आले. 2016 च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन परिषदांत वाचन सक्तीचे केले. मग वाचकांपेक्षा निबंध जास्त झाले. एकेका सत्रात इतके वक्ते की प्रत्येकाला दहा मिनिटे, घंटा वाजली की 'वेळेअभावी' आणि प्रश्न चहाच्या वेळी. चहाच्या वेळी अर्थातच कोणी प्रश्न विचारत नाही. बोगस नियतकालिकांना आळा घालायला आयोगाने 2019 मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आणली, तिचा कक्ष आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. 2025 मध्ये ती यादीही बंद झाली. या पडझडीत एक चांगली गोष्ट घडली. नोव्हेंबर 2022 च्या नियमांनी प्रबंधापूर्वीची ती सक्ती काढून टाकली. म्हणजे ज्याला काही विचारायचे आहे त्यानेच निबंध पाठवावा, अशी सोय निदान कागदावर तरी झाली.

मग निबंध पाठवायचा कसा? सारांश बहुधा तीनशे ते पाचशे शब्दांचा मागतात. इच्छुकांचे सारांश मी बरेच वाचले आहेत आणि त्यांतला लाडका विषय आहे रथ. कठोपनिषदातला रथ आणि प्लेटोच्या 'फीड्रस'मधला रथ: दोन्हीकडे घोडे, दोन्हीकडे सारथी, म्हणून दोन्ही संस्कृतींचे चिंतन एकच, असा निष्कर्ष. हा निबंध नव्हे, हे साम्यांचे वाणसामान. त्याच मजकुरात खरा प्रश्न दडलेला असतो. कठोपनिषदात शरीर रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आणि रथात बसलेला मालक म्हणजे आत्मा वेगळा. प्लेटोच्या रथात दोन पंखवाले घोडे आहेत, एक गुणी, एक बेलगाम, सारथी आहे, पण आत बसलेला प्रवासी नाही. तिथे हे सगळे मिळूनच आत्मा. आता विचारा: प्रवासी वेगळा मानल्याने काय मिळते आणि न मानल्याने काय हुकते? इथून निबंध सुरू होतो. कोणत्या उताऱ्यावर उभे आहात, त्याचा प्रचलित अर्थ काय, तो का पटत नाही आणि तुमचा दावा काय, इतके सारांशात बसले की झाले. न्यायशास्त्रातली प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण ही उतरंड अजूनही कामाला येते.

ग्रीक तत्त्वज्ञानाच्या परदेशी परिषदांत बहुधा निनावी परीक्षण चालते. नाव, संस्था, आभार हे सारे वेगळ्या पानावर द्यायचे. 'मी माझ्या अमुक लेखात दाखवल्याप्रमाणे' असे लिहून स्वतःची ओळख द्यायची नाही. फाइलच्या गुणधर्मांत संगणकाने आपण होऊन टाकलेले नावही पुसायचे. परीक्षकाला तुम्ही ऑक्सफर्डचे की ऑटोक्लस्टरजवळचे, हे कळत नाही. निवृत्त अभियंत्याला याहून समान मैदान कुठे मिळणार?

नकार येतो तेव्हा सोबत शेरा आला तर तो जपून ठेवावा. नुसत्या स्वीकृतीपेक्षा त्याची किंमत जास्त. ज्यांच्या नावाने आमची वस्ती आहे त्या तुकोबांच्या अभंगांना रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतला आणि वह्या इंद्रायणीत गेल्या, असे परंपरा सांगते. तेच भट्ट पुढे त्यांचे अनुयायी झाले, हेही तीच सांगते. सगळेच परीक्षक इतके बदलत नाहीत, ही गोष्ट वेगळी. उलट, सारांश पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी अभिनंदनाचे पत्र आणि शुल्काचा क्यूआर कोड एकदमच आले, तर समजावे की ही चरकाच्या यादीतली दुसऱ्या प्रकारची परिषद आहे. तिथे जाऊ नये.

आणि हे फक्त प्राध्यापकांसाठी लिहीत नाही. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनो, विमानस्थानाचा आठवा अध्याय तुमच्या टेबलावर आहे, त्यावर तुम्ही न्यायशास्त्राच्या पदवीधरापेक्षा वेगळे प्रश्न विचारू शकता. निवृत्तांनो, संस्कृत किंवा ग्रीक शिकायला वेळ आहे तो आत्ताच. भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयासाठी सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलून डेक्कनला उतरता येते. एक उतारा निवडा, त्यावर एक प्रश्न काढा, तो आधी न पटणाऱ्या मित्राला दाखवा. त्याने घेतलेला आक्षेप त्याच्याच शब्दांत निबंधात घाला, आणि मगच परिषदेला पाठवा.